शेवंतीची बोटं आणि विहिरीचं पाणी

एक होता राजा. पण तो या गोष्टीत फारसा यायचा नाही, बरं का. त्याला कामं होती. निदान तो तसं म्हणायचा. गोष्ट आहे त्याच्या सुनेची. तिचं नाव शेवंती. नुकतंच लग्न झालेलं, हातातला हिरवा चुडा अजून किणकिणत होता. आणि बोलणं म्हणाल तर दिवसाकाठी चार वाक्यं. त्यातली दोन "हो सासूबाई" एवढीच.

या राजाच्या पारंबीनगरात एक विहीर होती. एकवीस पायऱ्यांची आणि मोठी लहरी. होळीच्या सुमाराला तिचं पाणी जायचं थेट तळाला. मग पाडव्याच्या सकाळी राजाच्या घरच्या सुनेनं काठावर बसून सतार वाजवायची. सतार वाजली की पाणी चढायचं. एक पायरी, दुसरी पायरी, असं करत एकविसावी. मग गावाला वर्षभर पाणी.

तीस वर्षं ही सतार शेवंतीच्या सासूबाईंनी वाजवली होती. पण नवी सून आली की जुनीनं सतार खाली ठेवायची, अशी रीत. सुनेनं एकटीनं वाजवायची, मध्ये थांबायचं नाही, तोंडातून हूं की चूं काढायचं नाही, अशीही रीत. कुणी घातली? कुणास ठाऊक. पण ज्यानं घातली त्यानं सतार कधी वाजवली नसणार.

मग काय, पाडव्याला महिना होता तेव्हा सासूबाईंनी शेवंतीला सूर दाखवले, तार कुठे दाबायची ते दाखवलं, आणि त्या गेल्या स्वयंपाकघरात. शेवंतीनं माहेरी ताटलीवर चमचासुद्धा वाजवला नव्हता. तिनं आपली जीव खाऊन तार दाबली. संध्याकाळपर्यंत डाव्या हाताची दोन बोटं भिजवलेल्या वालासारखी टम्म. तारेची लालभडक रेघ वर उमटलेली. तिनं हात पदराखाली घेतला.

"कसं चाललंय?" सासूबाईंनी विचारलं.

"हो सासूबाई," शेवंती म्हणाली. हे काही उत्तर झालं नाही. पण त्या घरात ते चालून गेलं.

दुसऱ्या दिवशी शेवंती विहिरीच्या काठावर बसून डोळे पुसत होती. तिथल्या कोनाड्यात होता एक कोळी. तो म्हणाला, "बोटं दुखतात होय? आण इकडे." आणि त्यानं आपल्या जाळ्याची दोन मऊ मऊ टोपडी विणून बोटांना घातली. दुखणं थांबलं. पण सतार कशी वाजली माहितेय? फुस, फुस. मांजर शिंकावं तशी. विहिरीतल्या पाण्यानं कूससुद्धा बदलली नाही.

मग आला खेकडा. तो म्हणाला, "मऊपणाचं काम नाही ते. हे घे." आणि त्यानं दोन टणक शिंपले दिले. ते घालून वाजवलं तर टण टण, टण टण. रानातल्या गाईंना वाटलं, घरी जायची घंटा झाली. भर दुपारी सगळ्या गाई गोठ्यात येऊन उभ्या. गुराखी वैतागले. पाणी होतं तिथेच.

मग वर आला बेडूकआजोबा. पिवळं पोट, मोठे डोळे, शंभर वर्षांचा तरी असेल. "पोरी," तो म्हणाला, "तुझं दुखणं मला दे. मी सांभाळतो." त्यानं आपला गार पंजा तिच्या बोटांवर टेकवला, आणि दुखणं गेलं की हो. शेवंतीनं बाभळीचा काटा टोचून पाहिला. काही नाही. मग तिनं दुपारभर सतार वाजवली. खुशीत.

पण झालं काय, ज्या बोटाला दुखत नाही त्या बोटाला तारही कळेना. आपण कुठे टेकलो, किती दाबलं, काही पत्ताच नाही. सूर आपले गाव सोडून भरकटले. आणि तळाशी जे घागरभर पाणी होतं ना, तेही खाली खाली जाऊ लागलं. घागरी घेऊन आलेल्या बायका बघतच राहिल्या. एक म्हणाली, "आता गं बाई. हे तर उलटंच चाललं." पाडव्याला उरले होते बारा दिवस.

शेवंती धावत पायऱ्या उतरली. बेडूकआजोबा चिखलात पाय रुतवून बसला होता.

"ठणकतंय गं," तो म्हणाला. "उडी मारली की ठणकतंय, बसलं की ठणकतंय. तुम्ही हे घेऊन घरची कामं कशी करता?"

"माझं दुखणं परत द्या, आजोबा."

"घे माये. आणि तुझं तूच ठेव."

बोटं पुन्हा दुखायला लागली, तशी बोटांना तार कळायला लागली. पण वाजवायचं कसं? दोन सूर झाले की डोळ्यांत पाणी. विहिरीत मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाई भाकऱ्या करत होत्या. राणी भाकऱ्या करते का, असं विचारू नका. या गोष्टीतली करते. गप्प माणसांना बघायला वेळ फार मिळतो, तशी शेवंती बघत होती. सासूबाई उजव्या हाताच्या. भाकरी थापायच्या उजव्या हातानं, मीठ घालायच्या उजव्या हातानं. पण निखाऱ्यावरची फुगलेली भाकरी उचलायला पुढे व्हायचा तो डावा. त्यातली दोनच बोटं, आणि भाजतंय असं तोंडावर कुठे दिसायचं नाही.

शेवंतीनं त्या दिवशीचं पाचवं वाक्य उच्चारलं. "सासूबाई, तुमची बोटं दाखवता?"

सासूबाईंनी पीठ झटकून हात पुढे केला. दोन्ही बोटांच्या टोकांना चिंचोक्यासारखे टणक घट्टे, आणि मधोमध तारेची बारीक खाच.

"तुमचीपण दुखली होती?"

"पंधरा दिवस रडले. या चुलीपुढेच. धूर गेला डोळ्यांत, असं सांगता येतं इथे."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू कुठे विचारलंस? मीही माझ्या सासूला नव्हतं विचारलं. तिनं तिच्या सासूला." सासूबाईंनी पुढची भाकरी तव्यावर टाकली. "सगळ्या इथेच बसून रडल्या असतील."

मग शेवंतीला हसू आलं. मग सासूबाईंनाही. तेवढ्यात भाकरी करपली.

त्या दुपारी सासूबाई शेजारी येऊन बसल्या. सतारीवर आडव्या पितळी पट्ट्या असतात ना, त्यांना पडदे म्हणतात. सासूबाई म्हणाल्या, "बोट पडद्याला अगदी खेटून ठेव, म्हणजे दाबावं लागत नाही. आणि एवढा जोर कशाला? तार काय पळून जातेय? थोडं वाजवायचं, उठायचं, ताक प्यायचं, पुन्हा बसायचं. भांडी घासून ओल्या हातानं बसू नकोस, ओलं बोट सोलवटतं. आणि झालं की खोबरेल लाव."

शेवंतीनं तसंच केलं. पहिले तीन दिवस आग आग. मग थोडी कमी. मग आणखी कमी. आणि अकराव्या दिवशी बोटांच्या टोकांना मसुरीच्या डाळीएवढे दोन घट्टे आले. लग्नात सोन्याच्या पाटल्या चढल्या तेव्हाही ती एवढी हरखली नव्हती.

पाडवा उजाडला. गुढ्या उभ्या राहिल्या. सगळं गाव घागरी घेऊन काठाशी आलं. शेवंती वाजवायला बसली आणि पाणी चढू लागलं. पाच पायऱ्या. दहा. पंधरा. अठराव्या पायरीवर मात्र बोटं ठणकू लागली. नवे घट्टे ते, किती सोसणार? सूर हलला. पाणी थबकलं.

आणि शेवंती मोठ्यांदा म्हणाली, "सासूबाई, दुखतंय."

आता राजा आला बघा गोष्टीत. तो म्हणाला, "अगं पण रीत..." सासूबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. राजा गेला गोष्टीतून.

"सरक," सासूबाई सुनेला म्हणाल्या. त्यांनी सतार मांडीवर घेतली आणि वाजवायला लागल्या. पाणी चढलं एकोणिसावी पायरी. तोवर शेवंतीनं बोटांवर फुंकर घातली, ताक प्यायलं. मग तिनं सतार घेतली. विसावी. मग पुन्हा सासूबाई, पुन्हा शेवंती, आणि डुबुक करून आली एकविसावी. पाण्याला काय, सूर हवा होता. तो कुणाच्या बोटातून येतो, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. आणि पाण्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

पाण्याबरोबर बेडूकआजोबाही वर आला. "दुखतंय का?" त्यानं लांबूनच विचारलं.

"थोडं," शेवंती म्हणाली.

"बरं बरं," म्हणत तो आणखी लांब जाऊन बसला.

पुढे कितीतरी पाडवे विहीर भरत राहिली आणि गाव सुखात राहिलं. मग शेवंतीच्या घरी सून आली. तिची ओटी भरायच्याही आधी शेवंतीनं आपली दोन बोटं पुढे केली. म्हणाली, "हे बघ आधी. तुझंही दुखेल. दुखलं की सांग." ती सून निघाली भारी बडबडी. दिवसभर सांगत राहिली. पण सतार गोड वाजवायची.

झालं. तुमचं कुणाचं काही दुखतंय का? असेल तर आत्ता सांगा. नाही ना? मग घ्या ती बोटं पांघरुणात, आणि मिटा डोळे.