प्रसादाचा पाय

“मग माझा पाय काहून सुजत नाही, बाबा?”

डोमाजी दारात उभा राहून विचारत होता. आवाजात रडं नव्हतं. राग होता.

उरकुडबाबा ओट्यावर बसले होते. डावा पाय लांब केलेला. गुडघ्याखाली तो पाय खांबासारखा झाला होता. कातडी जाड, काळी, भेगाळलेली.

नदीकाठच्या त्या मठात उरकुडबाबांच्या आधी दोन गुरू झाले. त्यांचेही पाय असेच. लोक त्याला प्रसादाचा पाय म्हणत. ज्याच्या पायावर प्रसाद उतरला तो गादीचा धनी, असा मठाचा रिवाज. गुरूचे पाय धुतलेलं पाणी दारापुढच्या कुंडात सोडत. ते कुंड कधी उपसायचं नाही, हाही रिवाजच.

डोमाजीने तरुणपणापासून सेवा केली. पाठांतर चोख. उपास कडक. मठात त्याच्यापुढे कोणी मान वर करत नसे. पाय मात्र सरळच राहिले. आता बाबा थकले होते आणि गाव कुजबुजत होतं.

त्या सकाळी मेश्राम नावाच्या नर्सबाई साऱ्या गावासाठी हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन आल्या होत्या. डोमाजीने त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. मठाने नाही म्हटलं, म्हणून गावानेही नाही म्हटलं. बाई गेल्या नाहीत. फाटकाबाहेर लिंबाखाली बसून राहिल्या. त्यांचं नाव मुद्दाम लिहितो. उपकार करणाऱ्याचं नाव राहावं.

“सेवेत काय कमी पडलं, बाबा?”

“डोमा, पटकी आठवते?”

“आठवते. माय गेली माझी त्यात.”

“तिले काय म्हणत?”

“साथ.”

“हाव. साथ येते, घरं रिकामी करते, जाते. देशोदेशी पसरली तर महासाथ. एखादा परगावाहून आजार घेऊन आला, गावात दुसऱ्या कोणाले नाही, तर तो तुरळक. आता सांग, जो कवा आला ते कोणाले आठवत नाही आणि जो जातही नाही, त्याले काय म्हणशील?”

डोमाजीने जरा विचार केला.

“तो आजार नव्हेच मग. ते गावाचं नशीब.”

“डॉक्टर लोक त्याले स्थानिक आजार म्हणतात. मागच्या खेपेले त्या बाईनंच सांगितलं मले.”

“नर्सबाई तुम्हाले शिकवणार?”

“शिकवलं न. मी शिकलो. तुझा काहून जीव जळते?”

…

“साथीले आपण भितो, बापा,” बाबा म्हणाले. “पाहुणा ओळखू येते. घरातल्याचं तोंड कोण निरखून पाह्यते?”

डोमाजीने मान ताठ केली. “तुमचा पाय म्हणजे आजार? लोक डोकं ठेवतात त्यावर.”

“कुंडापलीकडं तुळसाबाई राह्यते. तिचाही पाय असाच. तिले कोणती गादी दिली आपण?”

तुळसाबाईला मठाच्या पंगतीत बसू देत नसत. रोगी म्हणून. तो नियम डोमाजीनेच केला होता.

“असू द्या,” तो शेवटी म्हणाला. “मले तर काही झालं नाही न? मी गोळी काहून खाऊ?”

“लागण आधी होते, आजार मागून दिसते. मधी कितीक वर्षं जातात. तुझ्या रक्तात जंतू असतीन तर तुले पत्ता नाही. डास मात्र ते घेऊन जाते. तुले चावते आणि मंग तुळसाबाईच्या नातीले चावते.”

“गोळीनं तुमचा पाय उतरंन?”

“नाही.”

“मंग तुम्ही काहून खाता?”

बाबांनी नर्सबाईंना हाक मारली.

बाई आत आल्या. पहिलं विचारलं, “जेवले का, बाबा? रिकाम्या पोटी नाही देत मी.”

“आज एकादशी आहे,” डोमाजी घाईने म्हणाला. “बाबांनी जन्मात एकादशी मोडली नाही.”

“बरं. उद्या येते मग. उद्या काय आडवं घालणार, ते आजच सांगून ठेवा, डोमाजी महाराज.”

बाबा मोठ्याने हसले. मग कुंडाकडे तोंड करून ओरडले, “तुळसाबाई! भात आहे का वं?”

तुळसाबाई पाय ओढत आली. ताटलीत कालचा भात. फाटकाशी माणसं जमली होती. त्यांच्यादेखत बाबांनी तो भात खाल्ला. मग गोळ्या गिळल्या, वर तांब्याभर पाणी प्यायले.

उरलेल्या भाताची ताटली त्यांनी डोमाजीपुढे सरकवली.

…

डोमाजीने ताटलीकडे पाहिलं. मग खाली बसला.

“मीठ नाही यात,” तो म्हणाला.

“मागितलं कोठं तुम्ही?” तुळसाबाई म्हणाली आणि मीठ आणायला वळली.

तो थांबला नाही. अळणीच खाल्ला. गोळ्या घेतल्या.

मग फाटकातली माणसं एकेक करून घरी जेवायला गेली आणि नर्सबाईंपुढे येऊन उभी राहिली.

“आता ते कुंड उपसा,” बाबा म्हणाले. “डासाचं घर आहे ते.”

“तीर्थ आहे ते, बाबा!” कोणीतरी ओरडलं.

“पायधुणं आहे. माझ्याच पायाचं. मले नाही माहीत का?”

माणसं हसली. बादल्या आल्या.

डोमाजी मात्र ओट्याशीच बसून होता. खाली पाहत म्हणाला, “सगळं केलं, बाबा. पण गावाले काय सांगू? माझा पाय आता कधीच सुजणार नाही. गादीवर मी कोणत्या तोंडानं बसू?”

बाबा ओट्यावरून खाली उतरले. उतरताना त्यांना फार कष्ट पडले. मग ते वाकले आणि त्यांनी डोमाजीच्या सरळ पायावर कपाळ टेकलं.

डोमाजी दचकला. “बाबा! पाप लावता का मले?”

बाबांनी पाय सोडला नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

“देवाचे उपकार मोठे, डोमा… तीन पिढ्या ही गादी नुसती बसून होती. आता चालंन.”