खारशेतच्या दगडांवरचे चालू वर्ष

खारशेतच्या खाडीकाठी, माडांच्या रांगेमागे, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांची जुनी दफनभूमी आहे. खाऱ्या वाऱ्याने काळे पडलेले दगड, वर हिब्रू अक्षरे, खाली मराठी. त्या दगडांवरचे वय घरच्या आठवणीशी कधीच जुळत नाही. माणूस जितकी वर्षे पुरी करून गेला, त्याहून दगडावर एक वर्ष जास्त असते.

आपल्या पणजीची कबर शोधायला इस्रायलहून आलेली लिओराही अशीच फसली. दगडावर नाव बरोबर होते, सिमहाबाई. पण खाली कोरले होते, वय वर्षे ४०.

“ही आमची नाही,” ती आजीकडून शिकलेल्या मराठीत म्हणाली. “आमच्या सिमहाबाईची चाळिशी पुरी झालीच नाही.” रिवाजाप्रमाणे आठवण म्हणून कबरीवर ठेवायला आणलेला खडा मुठीत तसाच धरून ती वळली.

“थांब गो पोरी,” दफनभूमीची देखभाल करणारे एलोजीआजोबा म्हणाले. “एवढ्या लांबून आलीस, आणि पणजीच्या दारातून परत चाललीस? आधी तो कोपऱ्यातला बारका दगड बघ.”

तो दगड वीतभर उंच होता. त्याच्यापाशी बसून आजोबांनी जे सांगितले, ते असे.

फार पूर्वी खारशेतमध्ये बेने इस्रायलांची सगळी घरे तेल्यांची होती. शनिवारी शब्बाथचा विसावा पाळून घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांतल्या एका घरात मिलकाबाई नावाची सून होती. तिचा पहिला मुलगा काही महिन्यांचा होऊन गेला. वर्ष पुरे न झालेल्या बाळाला तेव्हा दगड लावत नसत. दगडावर वय लागते आणि बाळाला वय नाही, असा गावचा नियम होता. खाडीच्या कडेला त्याला पुरले आणि उशाशी निर्गुडीची फांदी रोवली. पावसाळ्यात उधाणाचे पाणी आत आले. ओसरल्यावर मिलकाबाई गेली, तर फांदी नव्हती, उंचवटाही नव्हता. ती ओल्या वाळूत हाताने चाचपत फिरली म्हणे. जागा काही सापडली नाही.

पुढे तिला मुलगी झाली, राहेल. घाण्याचा काठ धरून उभी राहू लागली होती. पहिला वाढदिवस जवळ आला असताना तिला ताप भरला आणि तीही गेली.

मिलकाबाई मुकादमांकडे गेली. हसाजी मुकादम समाजाचे प्रमुख, माणूस काही वाईट नव्हता.

“मुकादम, राहेलला दगड हवा. पाऊस येईल. हीपण हरवेल.”

“अगो, पण त्यावर वय काय कोरू?” मुकादम हळू आवाजात म्हणाले. “काहीच नाही असं कोरू?”

घरी येऊन तिने पोहे, गूळ, खोबऱ्याच्या मलिद्याचे ताट मांडले आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला नवस बोलली, की लेकीचा दगड उभा राहीपर्यंत डोक्याला तेलाचे बोट लावणार नाही.

घरात तेलाचे बुधले भरलेले, आणि तिचे केस दिवसेंदिवस राठ होत गेले. विहिरीवर बाया म्हणत, “तेल्याची सून आणि केस काथ्यासारखे! घाणा विकलात की काय गो?” ती घागर भरून निघून जाई. संध्याकाळी राहेलला पुरलेल्या लहान उंचवट्यावर हात ठेवून बसे, जागा हाताला ओळखीची राहावी म्हणून. आभाळ भरून येऊ लागले होते.

अशात एक दिवस मिलकाबाई बैलासाठी पेंड उसनी आणायला मुकादमांच्या घाण्यावर गेली. तिथे भांडण चालले होते. अर्ध्यातच घाण्याची लाट, म्हणजे तीळ चिरडणारा लाकडी दांडा, मोडली होती आणि तिळांचा नुसता चिखल झाला होता.

“तेल निघालं नाही, तर घाणा कसला?” तिळांचा मालक ओरडत होता. “हा मोजायचा नाही, ह्याची मजुरी देणार नाही!”

“तीळ पडले, बैल जुंपला, की घाणा मोजायचा,” मुकादम म्हणाले. “तेल निघो, न निघो. बापजाद्यांपासून असंच चालत आलंय.”

मिलकाबाईने डोक्यावरचा पदर मागे सारला. ते रुक्ष केस सगळ्यांनी पाहिले.

“मुकादम, माझ्या राहेलचं वर्षही जुंपलेलं होतं. मधेच लाट मोडली. ते का मोजत नाही?”

बाजूला बैल रवंथ करत उभा होता. मुकादमांनी मोडक्या लाटेचा तुकडा उचलून घाण्याच्या काठावर ठेवला, असे सांगतात. मग म्हणाले, “मोजायचं.”

“मग मोठ्यांचं काय?” मागून कोणीतरी विचारले. “अर्धं वर्ष राहून गेलेल्यांचं?”

“सगळ्यांचंच चालू वर्ष मोजायचं. माझ्याही दगडावर तेच कोरा. नाहीतर त्या पोरीचा एकटीचाच दगड खोटा ठरेल.”

पावसाआधी दगड उभा राहिला. राहेल, वय वर्षे १. त्या साली खाडीने बांध फोडला, पण तो दगड जागचा हलला नाही म्हणे. मिलकाबाईने बोटभर तेल आधी दगडाला लावले, मग आपल्या केसांना. पहिल्या मुलाची जागा मात्र तिला कधीच कळली नाही. म्हणून खाडीच्या त्या कडेने ती जन्मभर अनवाणीच चालली.

आजोबा थांबले. लिओरा उठून पणजीच्या दगडापाशी गेली. चाळिसावे चालू होते, म्हणजे पुरी एकोणचाळीस. तिने मूठ उघडली आणि खडा दगडावर ठेवला.

आजही खारशेतमध्ये दगडावर चालू वर्षच कोरतात. आणि आजही खाडीच्या कडेला आले, की लोक चपला हातात घेतात, कारण पाय कोणावर पडेल हे कोणालाच ठाऊक नसते. परत जाताना लिओरा तिथे पोचली. कोणी काही सांगण्याआधीच तिने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या.