हंड्यावरचे नाव

एका बाजाराच्या गावी केरोबा नावाचा एक कासार राहत होता. भांड्यांवर नावे घालणे हे त्याचे काम. लग्नातला तांब्या असो की बारशाची वाटी, छिन्नी धरून तो हातोडीचे असे बारीक ठोके देई की अक्षर जागच्या जागी उठून दिसे.

पूर्वी तो एका बड्या दुकानदाराच्या ओट्यावर बसून काम करी. रोजची बोलणी ऐकून त्याला वीट आला. एके दिवशी त्याने आपली पेटी उचलली आणि बाजारात चिंचेखाली स्वतःचे बस्तान मांडले. आता धनीही तोच आणि गडीही तोच. पण गिऱ्हाईक फिरकेना. लोक त्याच्याच पुढ्यात उभे राहून विचारीत, "अहो, तो नावं घालणारा कुठं बसतो?"

हे केरोबाच्या जिवाला फार लागे. उभ्या पंचक्रोशीची नावे त्याने कोरली, आणि त्याचे नाव मात्र कुणाच्या तोंडी नाही. घरी बायको तर रीतीप्रमाणे नवऱ्याचे नाव घेतच नसे.

शेजारी एक दंतमंजनवाला बसे. त्याच्यापुढे सदा गर्दी. एकदा तो केरोबाला म्हणाला, "कासारा, माझ्या डबीत काय आहे? चुलीतली राख आणि मीठ. पण डबीवर माझं नाव ठळक आहे. लोक पूड घासत नाहीत बाबा, नाव घासतात."

केरोबाला हे पटले. वाईट सल्ला तसा लवकरच पटतो. त्या दिवसापासून गिऱ्हाइकाच्या नावाबरोबर तो भांड्याच्या बुडाशी बारीक अक्षरात 'केरोबा कासार' असे घालू लागला. कुणी हरकत घेतली नाही. उलट लोक नाव वाचून शोधत येऊ लागले. मग केरोबाचे नाव बुडावरून वर चढले, पोटावर आले आणि महिन्यागणिक फुगत गेले. पुढेपुढे तो आधी आपले नाव ऐसपैस घाली आणि उरल्या जागेत गिऱ्हाइकाचे बसवी.

बायको हसून म्हणाली, "अहो, पंगतीत कुणाचीही वाटी उचलली तरी तुमचंच नाव! लोक म्हणतील, साऱ्या गावाची भांडी यांनीच पळवलीत."

"म्हणू देत. नाव तर घेतील!" केरोबा म्हणाला.

एका बाजाराच्या दिवशी घाटावरच्या वाडीतून बयाजा नावाची म्हातारी आली. तिच्या डोक्यावर नवाकोरा पितळी हंडा होता. दोन वर्षे लोकांच्या शेळ्या राखून तिने तो घेतला होता. घाटातल्या देवळाच्या पायरीवर वाटसरूंना पाणी प्यायला तो ठेवायचा होता.

"दादा, यावर माज्या लेकीचं नाव घाल. मैना. सोळा वर्सांची हुती, तापानं गेली. ना शाळेत गेली, ना कुणाच्या घरी नांदली. तिचं नाव कुटंच लिवलेलं न्हाई बघ. मोटं घाल, येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचलं पायजे."

एवढे सांगून ती सावलीत टेकली. केरोबाने हंडा मांडीवर घेतला. घाटातली वाट म्हणजे रोज शेकडो माणसे. त्याच्या हाताला चेव आला. सवयीने त्याने पोटावर मधोमध, वीतभर लांबीचे 'केरोबा कासार' कोरले. त्याच्यावर 'स्मरणार्थ' घातले. आता जागा कुठे उरली? मग 'कै. मैना' ही अक्षरे त्याने काठाखाली तांदळाएवढी करून दडपली.

म्हातारी उठून आली. तिला वाचता येत नव्हते. तिने बोटांनी मधली मोठी अक्षरे चाचपली आणि विचारले, "हीच का माजी मैना?"

केरोबाने मनाशी हिशेब केला. खरे सांगितले तर सारे पुन्हा करावे लागणार, आणि घाटातले आपले नाव जाणार.

"हो आजी, हीच," तो म्हणाला.

बयाजाने त्या अक्षरांवरून हात उतरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटे मोडली. हंडा डोक्यावर घेऊन ती घाट चढून गेली.

पंधरा दिवसांत केरोबाचे नाव खरोखरच घाटापलीकडे पोचले. वाटसरू पाणी पीत, वर 'स्मरणार्थ' वाचीत, खाली 'केरोबा कासार' वाचीत आणि हळहळत पुढे जात. काठाखालच्या तांदळांकडे कोण बघतो? घाटावरची गिऱ्हाइके बंद झाली. एक बाई तर बाजारात येऊन दुसऱ्याच कारागिराकडे ताट देताना म्हणाली, "केरोबा असते तर त्यांच्याकडंच दिलं असतं. चांगला माणूस गेला."

ते ऐकून केरोबा हबकला. त्याने पेटी उचलली आणि तडक घाट गाठला. आपल्या नावावरचे ते 'स्मरणार्थ' कानशीने घासून टाकायचे, एवढेच त्याच्या मनात होते.

देवळाच्या पायरीवर बयाजा हंड्यात पाणी ओतत होती. ओतून झाल्यावर तिने मोठ्या अक्षरांवर तळवा ठेवला आणि म्हणाली, "मैने, आज ऊन लई हाय गं. डोईवर पदर घे."

केरोबाने काढलेली कानस पुन्हा पेटीत टाकली. इतक्यात एक वाटसरू पाणी प्यायला वाकला आणि वाचून म्हणाला, "आजी, हे केरोबा कासार तुमचे कोण?"

म्हातारीने वर पाहिले. समोर पेटी घेतलेला केरोबा उभा होता. "दादा, ह्यो काय म्हंतोय?"

आता लपवायला जागा नव्हती. केरोबाने खाली मान घालून सारे सांगितले.  बयाजाने हंड्यावरचा हात तेवढा काढून घेतला.

"मग इतकं दिस मी कुणासंगं बोलत हुते रं?"

केरोबाला हुंदका फुटला. त्याने हंडा पुढ्यात ओढला, स्वतःचे नाव कानशीने घासघासून नाहीसे केले आणि त्या जागी 'मैना' कोरू लागला. उन्हे कलली तरी त्याचा हात थांबला नाही. असे देखणे अक्षर त्याच्या हातून जन्मात उतरले नव्हते. वाटसरू अजून तिथेच होता. त्याने मोठ्याने वाचून दाखवले, "मैना. आजी, आता खरंच मैना लिहिलंय."

बयाजाने नव्या अक्षरांवरून बोटे फिरवली. एकदा फिरवली, पुन्हा फिरवली.

"आसंल बाबा," ती म्हणाली. "पर माज्या बोटांना ही वळखीची लागत न्हाई. त्यांची मैना तू आत्ताच घासून टाकलीस."

ती पुढेही रोज हंडा भरत असे. अक्षरांना मात्र तिने पुन्हा कधी हात लावला नाही.

तात्पर्य: दुसऱ्याच्या हक्काच्या जागेवर आपले नाव मोठे करू नये. आपले नाव मागाहून पुसता येते. त्यापायी दुसऱ्याचे जे गेले, ते परत आणता येत नाही.