लंबकाची परात

पूर्वी वेलापट्टण नावाच्या बंदरनगरात सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. त्या जन्मी त्याचे नाव श्रुतसेन. राजा मनाचा चांगला होता, पण त्याला झोप भारी प्यारी, आणि त्या नगरात पहाटे झोपणे म्हणजे महाकठीण काम.

खाडीच्या मुखाशी उत्तरेच्या कड्यावर अग्निहोत्री ब्राह्मणांचा आश्रम होता. उजाडले की तिथे शंख फुंकला जाई. दक्षिणेच्या टेकाडावर श्रमणांचा विहार होता. तिथली जुनी घंटा घणघणू लागे. आणि खाडीच्या आतल्या अंगाला, पाण्यात शिरलेल्या खडकाळ भूशिरावर, लंबक नावाचा म्हातारा लोकायत राहत असे. देव नाही, परलोक नाही, जे काही आहे ते इथेच, असे मानणारा. तो तरी मागे का राहील? भली मोठी पितळी परात लाकडाने बडवून तो ओरडे, "उठा रे! देव उठवत नाही कुणाला, भूक उठवते!"

आधी कुणी वाजवायचे यावरून रोज तंटा. शंखवाले म्हणत, सूर्य आमच्या शंखाने उगवतो. घंटावाले म्हणत, शंखाने लोक जागे होत असतील, शहाणे होतात ते घंटेनेच. लंबक दोघांना हसे आणि दोघेही लंबकाला शिव्या देत. तेवढ्यापुरते त्यांचे एकमत होई.

एका सणाच्या दिवशी मात्र प्रकरण हातघाईवर आले. दगड उडाले, दोघांची डोकी फुटली. राजाचा संताप अनावर झाला. तेव्हा पुरोहित कपिंजल म्हणाला, "महाराज, नगर एक, राजा एक, मग आवाज तीन कशाला? एकाच साच्यात दोन घंटा ओतवा. एक कड्यावर, एक टेकाडावर. दोन्ही एकाच वेळी वाजतील. आणि त्या नास्तिकाची परात घ्या काढून!"

राजाला हे फार पटले. त्याने श्रुतसेनाला बोलावले आणि म्हणाला, "अमात्य, हे काम तुमच्या हातून व्हायला हवं. घंटांवर तुमचं नाव कोरवतो. खाडीकाठची गावंही तुम्हाला इनाम देतो."

"महाराज, रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं होतंय हे," बोधिसत्त्व शांतपणे म्हणाला. "भांडण वाईट आहे, ते मिटवू. आवाजांनी काय केलंय? ज्याचा आवाज आपण काढून घेतो, त्याच्याकडून आपल्याला काय मिळत होतं हे गेल्यावरच कळतं."

"त्या परातीपासून काय मिळतं हो मला? डोकेदुखी!"

"ते मलाही अजून ठाऊक नाही. म्हणूनच ती घ्यायला माझा हात धजत नाही."

राजाने तोंड फिरवले. बोधिसत्त्वाने राजमुद्रा त्याच्या पायाशी ठेवली आणि तो समुद्रकाठच्या एका साध्या झोपडीत राहायला गेला. मनात ना राग, ना खेद. घंटा कपिंजलाने ओतवल्या. राजसेवक त्या उन्हे आल्यावर वाजवू लागले. श्रमणांची जुनी घंटा विहाराच्या कोपऱ्यात आडवी पडली, शंखाला धूळ चढली आणि लंबकाची परात राजवाड्याच्या स्वयंपाकघरात कणीक मळायला गेली. राजा आता सूर्य वर येईपर्यंत गाढ झोपे. वा, काय ती शांतता!

राजाची एकुलती एक लेक उत्पला आजोळी समुद्रापार गेली होती. हिवाळ्यात तिचे जहाज परत यायचे होते. ज्या सकाळी ते खाडीच्या तोंडाशी आले त्या सकाळी असे धुके पडले, की माणसाला स्वतःचा हात दिसेना. जहाजावरचे शिंग वाजले. ते ऐकून राजा अनवाणीच किनाऱ्यावर धावत आला. दोन्ही टेकड्यांवर घंटा घणघणत होत्या. शिंग मात्र कधी इकडून ऐकू येई, कधी तिकडून. जहाज खाडीच्या तोंडाशीच चाचपडत होते.

"घंटा जोरात वाजवा!" राजा ओरडला. "आणखी जोरात!"

घंटा आणखी जोरात वाजल्या. शिंगाचा आवाज कड्याच्या बाजूला सरकला. तिथे नुसते कातळ होते.

इतक्यात बोधिसत्त्व शेजारी येऊन उभा राहिला. "महाराज, जरा गोल फिरा, आणि सांगा, कड्यावरची घंटा कोणती?"

राजा फिरला. कान टवकारून त्याने ऐकले. इकडेही तीच घंटा, तिकडेही तीच. कड्यावर आपटून परत येणारा आवाजही तोच.

"अहो, मला कळत नाहीये!" तो म्हणाला. "मी इथे जमिनीवर उभा आहे, तरी मला कळत नाहीये! मग माझ्या पोरीला कसं कळणार?"

"मलाही आत्ताच उमगलं," बोधिसत्त्व म्हणाला. "आजवर शंखाला मानणारा नावाडी म्हणायचा, मला शंखानं आणलं. घंटेला मानणारा म्हणायचा, घंटेनं आणलं. खरं तर डाव्या कानाला शंख आणि उजव्या कानाला घंटा, त्या दोहोंच्या मधून ते येत होते. एका आवाजानं एवढंच कळतं, की कुणीतरी आहे. आपण कुठे आहोत हे कळायला दुसरा आवाज लागतो."

राजाने घोडेस्वार पिटाळले. राजघंटा थांबल्या. क्षणभर भयंकर शांतता पसरली. मग कड्यावरून शंख घुमला. टेकाडावर श्रमणांनी जुनी घंटा चौघांच्या खांद्यावर आडव्या बांबूला टांगली आणि तिचा तो घोगरा नाद धुक्यात शिरला. जहाजाचे शिंग वाजले. आता ते कड्यापासून दूर, बरोबर मधोमध होते.

लोकांनी जयजयकार केला, पण राजाचा चेहरा पांढरा पडला. कारण आतल्या भूशिरापुढे पाण्याखाली दातेरी खडक होता आणि जहाज सरळ त्याच्याकडेच येत होते. तिथे रोज पहाटे कोण काय वाजवत असे, हे राजाला आता आठवले.

तो वाड्याकडे पळाला. स्वयंपाकघरात शिरून त्याने कणकेसकट परात उचलली आणि डोक्यावर घेतली. गुडघाभर पाण्यातून धडपडत तो भूशिराच्या टोकाला पोहोचला. लंबक तिथे घोंगडी पांघरून बसला होता.

"या महाराज! आज कशी वाट चुकलात?"

"लंबकबाबा, माझी चूक झाली. ही घे तुझी परात. माझी लेक..."

"माझ्या आवाजात देव नाही बरं का. चालेल?"

"चालेल रे बाबा, चालेल! बडव!"

म्हातारा ताडकन उठला. त्याने परात अशी बडवली, की वाळलेल्या कणकेचे कपचे राजाच्या तोंडावर उडाले. शिंग पुन्हा वाजले, अगदी जवळ. मग ते हळूहळू डावीकडे वळले, आणि धुक्यातून जहाजाची पुढची निमुळती नाळ बाहेर आली. खडक उजव्या हाताला ठेवून जहाज सावकाश शांत पाण्यात शिरले.

"तात!" नाळेवरून उत्पला ओरडली. "परात ऐकू आली आणि वाटलं, घर आलं!"

राजा रडला, हसला, आणि शेवटी त्याने लंबकाला मिठी मारली. मग त्याने राजमुद्रा स्वतःच्या हाताने बोधिसत्त्वाला परत दिली आणि विचारले, "अमात्य, पण आधी कोण वाजवणार?"

"ज्याला जहाजाची चाहूल आधी लागेल, तो."

त्या दिवसापासून शंखवाले, घंटावाले आणि लंबक डोळ्यांत तेल घालून समुद्राकडे पाहू लागले. भांडायला सवड कुणाला? दुसऱ्या पहाटे तिन्ही आवाज असे उसळले, की सारे नगर गच्च्यांवर येऊन नाचले. राजाची झोप मोडली. त्याने कूस बदलली, आवाज मोजले, तिन्ही भरले, आणि तो समाधानाने उठून बसला.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा सुषेण राजा म्हणजे आज सकाळी परपंथी परिव्राजकांचे पठण बंद पाडायला निघालेला तुमच्यातलाच भिक्षू. उत्पला म्हणजे फुले घेऊन दाराशी उभी असलेली ही उपासिका. अमात्य श्रुतसेन मीच होतो. मोठेपणापेक्षा मी दुसऱ्याच्या आवाजाची कदर केली. तिलाच प्रज्ञापारमिता, म्हणजे शहाणपणाची परिसीमा, म्हणतात."

"आणि लंबक, भगवन्?" एकाने विचारले.

शास्त्यांनी सभेच्या मागच्या टोकाकडे पाहिले. तिथे खांबाला टेकून एक म्हातारा गृहस्थ मान हलवत हसत होता.

"तो आजही माझे काही मानत नाही," शास्ता म्हणाले. "त्याला पुढे बसायला जागा द्या."