मास्तरांचा काळा कागद

"पण चेहराच दिसत नसेल, मास्तर, तर त्या फोटोचा उपयोग काय?"

गनीमास्तर उत्तराच्या घाईत कधीच नसत. त्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला.

नीलाक्षीला तीन रात्री धड झोप नव्हती. चार वर्षांच्या लेकीनं, मुक्तानं, विचारलं होतं, "बाबाला मी आवडायचे का गं?" 'हो' म्हणताना तिला स्वतःचाच आवाज खोटा वाटला होता. नवरा वारला तेव्हा मुक्ता वर्षाची. लग्नाच्या अल्बममध्ये तो पानापानावर होता. लेकीबरोबर मात्र एकच फोटो, जुन्या मोबाईलमधला. मुक्ताला दोन्ही हातांनी पुढे उचलून धरलेलं. मुक्ता स्पष्ट. मागे त्याचा चेहरा पुसट.

"फोटोचं काम तू माझ्याच स्टुडिओत शिकलीस ना?"

"तेव्हा डार्करूम होती, मास्तर. आता सगळं कॉम्प्युटरवर होतं. घरी केलंय मी." आवाजात थोडी ऐट आलीच. "शार्पनचा फिल्टर लावला. तीनदा."

"तीनदा का?"

"...मी थर्मामीटरही तीनदा लावते."

मास्तर हसले. "दाखव."

तिनं लॅपटॉप उघडला. मास्तरांनी खणातून एक काळा कागद काढला. मधोमध रुपयाएवढं भोक. डार्करूममध्ये याच भोकातून ते प्रिंटच्या हव्या तेवढ्याच भागावर उजेड पाडायचे. आता त्यांनी तो स्क्रीनवर धरला.

"काय दिसतं?"

"भिंत. वाळू चिकटवल्यासारखी झालीय."

"मुळात गुळगुळीत होती. फिल्टरला तिथं धार लावायला काही मिळेना, म्हणून त्यानं धूळच उगाळली." कागद सरकला. "इथं?"

"मुक्ताचा फ्रॉक. कडेनं पांढरी रेघ उमटलीय."

"कड होतीच. तू ती तीनदा गिरवलीस. आणि इथं?"

ती स्क्रीनकडे सरकली.

"ठिपके. त्याचा चेहरा... नुसते ठिपके."

"असलेली कड फिल्टर ठळक करतो, बेटा. नसलेली कुठून आणेल?"

"मग हिला दाखवू काय मी?"

कोपऱ्यातल्या फिरत्या स्टुलावर मुक्ता गरगर फिरत होती.

मास्तरांनी नीलाक्षीला मूळ फोटो उघडायला लावला. कागद पुन्हा सरकला. थांबला.

"भोकात येतंय तेवढ्यालाच धार लाव. एकदाच. थोडीशी."

भोकात त्याचे हात होते. मुक्ताइतकेच पुढे, म्हणून मोबाईलनं तेही नीट टिपलेले. तिनं फिल्टर फिरवला. नखं दिसू लागली. मनगटावरचा भाजल्याचा डाग. आणि मुक्ताच्या फ्रॉकच्या बटणावर अलगद टेकलेला अंगठा.

हजारदा पाहिला असेल तिनं हा फोटो. दरवेळी चेहराच शोधत.

"आणि चेहरा, मास्तर?"

"राहू दे पुसट." त्यांनी कागद खणात ठेवला. "तिला बोलव."

मुक्ता आली. नाक स्क्रीनला लागेल इतकी वाकली. बघत राहिली... मग वळून तिनं दोन्ही हात वर केले.

नीलाक्षीनं तिला काखेत धरून उचललं.

"असं नाही, आई," मुक्ता म्हणाली. "अंगठा बटणावर. बाबाचा बघ कसाय."