घेवड्याची उलटी फेरी

भाद्रपद वद्य चतुर्थी. धुकं, बारीक पाऊस. ऊन नाही, आज अकरावा दिवस.

“...मग चुकलेल्याला सरळ करायचं नाही का, माय?”

खोतांनी हे विचारलं तेव्हा माय चुलीपुढं ओले हात शेकत होती, मी चुलीत लाकडं सारत होतो. तिनं मान वळवली नाही.

दिगंबर खोत तीन वर्षांपूर्वी डोंगरावरच्या, मायच्या या मठीत आले. त्याआधी वीस वर्षं त्यांनी जमिनी मोजल्या. कुणाचा बांध वीतभर सरकला तरी त्यांना झोप लागत नसे. इथं आल्यापासून रोज पहाटे मठीमागच्या समाधीला एकशे आठ प्रदक्षिणा, पाऊस असो नसो. मागणं एकच... मायनं कानात मंत्र सांगावा, आपल्याला शिष्य म्हणावं.

माय दर वर्षी पुढं ढकलायची. यंदा आषाढात मात्र म्हणाली, परसातला घेवडा काठीच्या टोकाला पोचला की सांगीन.

तेव्हापासून परसातल्या कारवीच्या चोवीस काठ्यांपाशी दुसरं कुणी फिरकलं नाही. खोत फिरकू देत नसत.

आषाढातलं बी पावसानं कुजलं. श्रावण संपता संपता त्यांनी पुन्हा टोकलं. वेल कमरेपर्यंत आले आणि तिथंच रेंगाळले. पानं पिवळी पडायला लागली.

खोतांनी दोन दिवस छत्री धरून निरखलं आणि कारण शोधून काढलं. चोवीसच्या चोवीस वेल काठीला डाव्या हाताला ठेवून चढत होते. देवाला अशी उलटी फेरी कुणी घालतं का? सूर्य दिसत नाही म्हणून बिचाऱ्यांची दिशा चुकली असणार, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी अकरा वेल हलक्या हातानं उलगडले, प्रदक्षिणेच्या वळणानं काठीला गुंडाळले आणि केळीच्या सोपटानं चार चार ठिकाणी बांधले. उरलेले तेरा संध्याकाळपर्यंत होतील, हे सांगायला ते आत आले होते.

“काठीत कुठला देव बसवलास?” मायनं विचारलं.

“देव सगळीकडंच आहे. तुम्हीच म्हणता.”

“मी लई काय काय म्हणते.”

तिनं घोंगडी डोक्यावर घेतली आणि बाहेर पडली. खोत आणि मी मागून गेलो.

परसात धुकं इतकं दाट, की काठ्या कुठं संपतात ते कळत नव्हतं. बांधलेल्या वेलांचे शेंडे शेवटच्या सोपटाच्या वर सुटले होते. काठी जवळ असून ते तिच्यापासून लांब, रिकाम्या हवेत झुलत होते. दोन-तीन वेल गाठीपाशीच मुरगळले होते.

एका शेंड्याजवळ माय बराच वेळ उभी राहिली.

“याला वळायला कुणी शिकवलं?”

“कुणीच नाही. म्हणून तर चुकतोय.”

माय समाधीकडं चालायला लागली. तिथं पोचल्यावर खोतांना म्हणाली, फेऱ्या घाल. खोत म्हणाले, पहाटेच झाल्या, पुऱ्या एकशे आठ.

“मग एकशे नववी घाल.”

खोत निघाले. समाधी उजव्या हाताला.

माय दुसरीकडून निघाली. समाधी डाव्या हाताला.

खोत थबकले. “माय, उलटं होतंय.”

“तू चाल.”

मी पायरीवर उभा होतो. समाधीपलीकडं गेले की दोघंही दिसेनासे व्हायचे. मग एकीकडून काळी घोंगडी उमटायची, दुसरीकडून पांढरं धोतर. फेरीत दोनदा ते समोरासमोर यायचे, अंग चोरून एकमेकांना वाट द्यायचे आणि पुन्हा धुक्यात विरायचे. पावलांचा आवाज चिखलात बुडत होता. खोत पहिल्यांदा मान खाली घालून जायचे. पुढं कधीतरी त्यांनी मान खाली घालायचं सोडलं. मग वाट देताना ते थोडे हसायलाही लागले.

माय थांबली.

“कितवी झाली?”

खोतांनी ओठ हलवले. बोटांची पेरं चाचपली.

“...मोजली नाही.”

मायनं पदरानं त्यांच्या तोंडावरचं पाणी पुसलं.

“तीन वर्षं तुझी पाठच बघत आले, दिगू. तोंड आज दिसलं.”

“आणि वेल?”

“मला काय विचारतोस. मी काय घेवडा हाय?”

खोतांनी त्याच दुपारी अकरा वेलांचं सोपट सोडलं. चार मोडलेले निघाले. सात वेलांनी तिसऱ्या दिवसापर्यंत काठी पुन्हा धरली, डाव्या हाताला ठेवूनच.

आश्विन शुद्ध द्वादशी. निरभ्र, थोडा वारा. वीस वेलांपैकी सतरा काठीच्या टोकाला पोचले, तीन अजून खाली. खोतांनी मंत्र मागितला नाही. मायनं कानात काही सांगितलं नाही.

दुपारी पंगतीत गावातले सहा पाहुणे होते. खोत शेवटी बसले होते. मी भाकरीची टोपली घेऊन पहिल्या पाहुण्यापाशी वाकलो, तेव्हा माय मला म्हणाली, “थांब. आधी माझ्या शिष्याला वाढ.”