काळ्या खडकावरची जागा

खाडीच्या तोंडाशी दरवर्षी गळाने मासे पकडायची स्पर्धा भरायची. अध्यक्ष भाऊसाहेब दळी. त्यांनी पांढरीशुभ्र होडी घेतली होती आणि तेव्हापासून होडी नसलेला माणूस त्यांच्या लेखी माणूसच नव्हता. ब्युटी पार्लर चालवणाऱ्या इंदुमती पडवळ नवाकोरा गळ घेऊन नाव द्यायला आल्या, तेव्हा भाऊसाहेबांनी भर मंडपात विचारलं, "होडी कुठाय बाई?"

"होडी नाही. किनाऱ्यावरून टाकेन गळ."

"ही स्पर्धा आहे, सहल नव्हे! आधी होडी घ्या, मग या."

मंडप खो खो हसला. इंदुमतींच्या डोक्यात तिडीक गेली, पण कटकट्या गिऱ्हाइकासमोर ठेवायचा तो गोड चेहरा त्यांनी ठेवला.

"खरंय तुमचं. गेल्या वर्षी पहिले तुम्हीच ना? एवढी मोठी तांबोशी लागली तरी कुठे?"

भाऊसाहेब फुलले. "किनाऱ्याला लागून तो काळा खडक आहे ना, त्याच्या कपारीत! होडी लांब उभी केली आणि गळ थेट खडकाच्या पायाशी फेकला. मोठा मासा तिथेच असतो. म्हणून तर होडी लागते!"

"ज्या खडकापर्यंत गळ पोचवायला तुम्ही डिझेल जाळता, त्या खडकावर मी चपला घालून चालत जाते."

आता मंडप भाऊसाहेबांकडे बघून हसला. स्पर्धेच्या चिटणिसाने इंदुमतींचं नाव लिहून घेतलं.

जाता जाता इंदुमती वळल्या. "आणि भाऊसाहेब, यंदा गळ जरा बघून फेका. मी तिथेच बसलेली असेन."